जुनी चांदीची नाणी : ओळख, मोल आणि जबाबदारी

(नाणेसंग्रहाची आवड असणाऱ्या नवोदितांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महाराष्ट्रातील जुन्या घरांत देवघरातील डबीत किंवा आजीच्या पेटीच्या तळाशी एखादा तरी चांदीचा रुपया बहुधा सापडतोच. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो ताम्हनात येतो आणि पूजा आटोपली की पुन्हा वर्षभर फडक्यात गुंडाळला जातो. घरातील वडीलधारी मंडळी त्याला ‘राणीछाप’ किंवा ‘कलदार’ म्हणतात. परंतु तो केव्हाचा, त्यात चांदी किती आणि आज त्याचे मोल काय, असे विचारले असता समाधानकारक उत्तर सहसा मिळत नाही.

ह्या अज्ञानातून दोन प्रकारचे नुकसान होते. अडचणीच्या वेळी तो रुपया सराफाच्या तराजूत जातो आणि मोडीच्या भावाने वितळतो. उलटपक्षी, जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशी एखादी वदंता कानी येते आणि साधे, विपुल नाणे घेऊन माणूस भलत्याच माणसाच्या नादी लागतो. दोहोंवर उपाय एकच, तो म्हणजे नाणे वाचावयास शिकणे. चांदीचा भाव हा नाण्याच्या मोलाचा केवळ तळ होय. त्यावरचे सारे मोल नाण्यावर काय लिहिले आहे, तसे नाणे किती उरले आहे आणि ते कोठून आले, ह्या तीन गोष्टींत असते.

रुपया म्हणजे एक तोळा

रुपया हे नाव रूढ केले ते शेरशाह सुरीने, इ. स. १५४० ते १५४५ ह्या त्याच्या कारकिर्दीत. त्याच्या रुपयाचे वजन सुमारे १७८ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास होते. मोगलांनी हेच मान पुढे चालविले. इ. स. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. तोळ्याचे मानही १८० ग्रेनच असल्यामुळे खेड्यापाड्यांतून ‘रुपयाभार’ वजन सर्रास वापरात आले.

नवोदित संग्राहकाची पहिली कसोटी ह्यातूनच निघते. रुपया ११.६६ ग्रॅम, अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम आणि चांदीची दोन आणेली १.४६ ग्रॅम, एवढे आकडे पाठ असावेत. वापराने झिजलेल्या रुपयाचे वजन थोडे उतरते, त्यात वावगे काही नाही. मात्र अक्षरे ठसठशीत असताना वजन उणे भरले, किंवा वजन अधिकच भरले, तर संशय घ्यावा.

कलदार रुपयांचा क्रम

यंत्रावर पाडलेला तो कलदार. त्याच्या एका बाजूस राजाचे वा राणीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस मूल्य व साल, आणि कडेवर बारीक खाचा असतात. हा क्रम ध्यानी ठेवणे कठीण नाही. १८३५ च्या रुपयावर चौथ्या विल्यमचे मस्तक आहे. १८४० च्या रुपयावर तरुण व्हिक्टोरिया राणी आहे, मात्र तिच्या मस्तकी मुकुट नाही. कंपनीचे राज्य संपल्यानंतर, १८६२ पासून मुकुटधारी राणी आणि ‘क्वीन’ हा किताब दिसतो. १८७७ पासून १९०१ पर्यंत ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’, म्हणजे सम्राज्ञी, हा शब्द आला. १९०३ ते १९१० ह्या वर्षांच्या रुपयांवर सातव्या एडवर्डचे मुकुटाविना मस्तक आहे. १९११ पासून मुकुट व झूल ल्यालेला पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज येतो.

येथे नवशिक्याने एक गोष्ट विसरू नये. नाण्यावरचे साल म्हणजे ते नाणे पाडल्याचे साल, असे प्रत्येक वेळी नसते. १८३५, १८४० आणि १८६२ ही साले पुढे पुष्कळ वर्षे ठशावर तशीच राहिली. १८६२ साल असलेले रुपये १८७४ पर्यंत पडत होते. म्हणूनच १८६२ चा रुपया फार दुर्मीळ असावा, हा समज खरा नाही. तो विपुल आहे. अभ्यासक त्यावरील बारीक ठिपक्यांची संख्या व जागा पाहून त्याचे प्रकार पाडतात. ह्या प्रकारांपैकी काही मात्र खरोखर दुर्मीळ असतात.

टांकसाळीची खूण हाही वाचनाचाच भाग होय. कलकत्त्याच्या पुष्कळ नाण्यांवर खूण नसते. मुंबईच्या नाण्यांवर बहुधा ठिपका किंवा अक्षर असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाहोर येथे पडलेल्या नाण्यांवर इंग्रजी ‘एल’ हे अक्षर आढळते. साधे भिंग असले की ह्या खुणा दिसतात.

एखादे साल विपुल आणि एखादे विरळ का, ह्याचे उत्तर इतिहासात सापडते. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची टंचाई पडली. तेव्हा १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये अमेरिकेने आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली. ती भारतात येऊन तिचे रुपये झाले. त्या सुमाराचे रुपये आज घरोघरी निघतात, त्याचे कारण हे आहे. ह्याउलट १९११ चा रुपया पाहावा. त्यावर राजाच्या झुलीवरील साखळीत हत्ती कोरलेला होता. तो इतका आखूड दिसला, की लोकांस ते डुकराचे चित्र वाटले. असंतोष पसरताच तो रुपया मागे घेण्यात आला, बहुतेक साठा वितळविण्यात आला आणि १९१२ पासून हत्तीचे चित्र सुधारले गेले. त्यामुळे १९११ चा रुपया संग्राहकांना हवा असतो. १९३९ चा रुपया त्याहूनही विरळ असून त्याची किंमत मोठी आहे. साहजिकच, १९३८ मधील शेवटचा आकडा बदलून केलेले बनावट नगही बाजारात येतात.

१९४० नंतर चांदी निम्मी झाली

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा टंचाई झाली आणि १९४० पासून रुपयातील चांदी शेकडा ५० वर आली. उरलेल्या भागात शेकडा ४० तांबे, ५ निकेल व ५ जस्त असते. वजन मात्र पूर्वीइतकेच ठेवण्यात आले. ह्या रुपयांची कडा वेगळी असते. खाचांच्या मधोमध एक खोलगट पट्टी फिरते आणि तीत नक्षी असते. १९४७ मध्ये वाघाचे चित्र असलेला निकेलचा रुपया आला. त्यात चांदी नाही आणि तो लोहचुंबकाला चिकटतो. चांदीचे नाणे चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे ही एक कसोटी घरातल्या घरात करता येते.

स्वातंत्र्योत्तर नाण्यांपैकी गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेला दहा रुपयांचा नग चांदीचा आहे. त्याचे वजन १५ ग्रॅम असून त्यात शेकडा ८० चांदी आहे. त्यावरील १८६९–१९४८ हा काळ महात्माजींच्या जन्म-मृत्यूचा आहे. त्यास नाण्याचे साल समजू नये.

मराठेशाही व संस्थानी रुपये

कलदार येण्यापूर्वी महाराष्ट्रात अनेक टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात चालत. पेशवाईत सरकारी परवान्याने खासगी टांकसाळी चालविल्या जात. पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह असे. नाशिक जिल्ह्यातील चांदवडचा रुपया चांदोरी म्हणून, तर बागलकोटचा मल्हारशाही म्हणून ओळखला जाई. ह्या मराठी मुलखातील रुपयांवर फारसी मजकूर व मोगल बादशहाचे नाव पाहून नवशिका चकित होतो. पण त्या काळी लोकांचा विश्वास त्या परिचित छापावर होता आणि राज्यकर्त्यांनी तो मोडला नाही. स्वतःची ओळख त्यांनी एखाद्या लहानशा चिन्हाने ठेवली. म्हणून अशा नाण्यावर प्रथम चिन्ह शोधावे.

ही नाणी हाताने, हातोड्याखाली पडलेली असतात. ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असल्यामुळे अर्धाच मजकूर उमटतो. हा दोष नसून त्या पद्धतीचे लक्षण आहे. ज्या नाण्यावर टांकसाळीचे नाव व साल पूर्ण उतरले आहे, त्याचे मोल अर्थातच अधिक.

सालांचेही गणित अवघड नाही. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत, म्हणजे इसवी सन जवळपास मिळतो. हिजरी १२०० म्हणजे इ. स. १७८६ च्या सुमारास. त्याच्या जोडीला अनेकदा बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे ‘जुलूस’ वर्ष असते. शक वर्षात ७८ मिळवावेत आणि विक्रम संवतातून ५७ वजा करावेत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या चित्रांकित रुपयांवर देवनागरी मजकूर व संवत आहे. शाळकरी मुलांसाठी सुरुवातीस हे नाणे उत्तम. मराठवाड्यात निजामी राजवटीचा हाली सिक्का चालत असे. त्याचा रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा असून त्यात चांदी शेकडा ८१.८ होती. विसाव्या शतकातील हाली रुपयावर चारमिनारचे चित्र आहे, त्यामुळे तो सहज ओळखू येतो. त्याला कलदाराची फूटपट्टी लावून ‘कमी वजनाचा’ ठरवू नये.

इतक्या प्रकारच्या रुपयांचा हिशेब जुळविण्याचे काम सराफाचे. तो नाणे पारखून त्यावर आपला ठसा मारी आणि कसाप्रमाणे बट्टा कापी. नावाला बट्टा लागणे, बंदा रुपया, वाजवून घेणे ही आपली बोलणी ह्याच व्यवहारातून आलेली आहेत. जुन्या रुपयावर दिसणारे बारीक ठसे हे त्या पारखीचे अवशेष होत.

खऱ्या-खोट्याची पारख

वजन, चुंबक आणि भिंग ह्या तीन कसोट्यांनंतर चौथी कसोटी पाण्याची आहे आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणाऱ्या काट्यावर पाण्याचा लहान पेला ठेवून काटा शून्यावर आणावा. नाणे दोऱ्याने बांधून तळाला वा कडेला न टेकविता पूर्ण बुडवावे. काटा जे वजन दाखवील, ते नाण्याने बाजूस सारलेल्या पाण्याचे. नाण्याच्या वजनाला ह्या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. अकरा भाग चांदीच्या पूर्ण वजनाच्या रुपयास सुमारे १.१३ हा आकडा येतो, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १०.३ च्या आसपास. निम्म्या चांदीच्या रुपयास १.२२, म्हणजे सुमारे ९.५. तांबे-निकेलच्या नकलेस हा आकडा १.३० च्या आसपास येतो. नाण्याला न ओरखडता, न घासता त्याचा कस कळतो, हा ह्या रीतीचा मोठा लाभ.

साच्यात ओतलेल्या नकलेच्या कडेवर जोडाची रेघ, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे आणि अक्षरांना बोथटपणा दिसतो. खरे नाणे ठशाखाली दाबलेले असल्याने त्याच्या अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात. राम-दरबार किंवा हनुमान ह्यांचे चित्र, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १७१७ वा १८१८ असे साल असलेले तुकडे ‘प्राचीन’ म्हणून विकले जातात. कंपनीने असे नाणे कधीही काढले नाही.

मोल कसे ठरवावे

प्रथम चांदीचा तळ काढावा. पूर्ण वजनाच्या अकरा भाग चांदीच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम आणि १९४० नंतरच्या रुपयात ५.८३ ग्रॅम असते. त्या दिवसाच्या ग्रॅममागील भावाने हा आकडा गुणला, की त्याखाली नाणे विकू नये ती मर्यादा कळते. घरातील बहुसंख्य कलदार रुपयांचे मोल ह्या तळाच्या थोडे वर असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

त्यानंतर विरळपणा पाहावा. साल, टांकसाळ व प्रकार ह्यांची नोंद छापील नाणेसूचीशी ताडावी. नाण्याचे वय आणि त्याचा विरळपणा ह्यांचा परस्परसंबंध नसतो. शेकडो वर्षांपूर्वीचे चांदीचे नाणे स्वस्त असू शकते आणि १९३९ चा रुपया त्याच्या कित्येक पट महाग असतो.

शेवटी स्थिती पाहावी. राणीच्या मुकुटावरील, केसांवरील किंवा राजाच्या झुलीवरील नक्षी शिल्लक आहे काय? हे उंचवटे सर्वांत आधी झिजतात. ज्या रुपयांना माळेत ओवण्यासाठी कडी बसविलेली असते, त्यांवर डाखाची खूण राहते आणि संग्राहकाच्या लेखी त्यांचे मोल पुष्कळ घटते.

ह्याच संदर्भात नाणी घासण्याची खोड सोडली पाहिजे. राख, चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पूड लावून चकचकीत केलेल्या नाण्याची वरची त्वचाच निघून जाते. काळसर झाक हा मळ नव्हे. ती चांदीवर काळाने चढलेली साय असून तिच्यामुळे नाण्याचा अस्सलपणा दिसतो. नाणे कडेने धरावे, कागदी पाकिटात एकेक वेगळे ठेवावे, रबरी पट्टी व नरम प्लॅस्टिक टाळावे आणि पाकिटावर वजन, वाचन व ते कोठून मिळाले हे लिहावे.

परस्पर मोठ्या किमतीचे आमिष दाखवून आधी ‘शुल्क’ वा ‘कर’ मागणाऱ्यांपासून सावध राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव सांगून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा त्या बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे दिला आहे. बँक अशा व्यवहारांत पडत नाही आणि त्यासाठी कोणासही तिने अधिकार दिलेला नाही.

जोगळटेंभीचा धडा

येथवर घरातील नाण्यांचा विचार झाला. जमिनीत सापडणाऱ्या नाण्यांची गोष्ट वेगळी आहे. तिचे महत्त्व नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी ह्या गावाने दाखवून दिले आहे. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा मिळाला. १३,२५० च्या आसपास असलेली ही नाणी क्षत्रप राजा नहपान ह्याची होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या मुखवट्यावर सातवाहनांचा त्रिकूट पर्वत उमटलेला पाहताच इतिहासकारांना एका राज्यक्रांतीचा धातूवर कोरलेला पुरावा मिळाला. गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता मोडली आणि त्याचेच चलन आपल्या नावाने चालविले, ही गोष्ट त्या साठ्याने निर्विवाद केली.

हा साठा वितळला असता तर त्याची चांदी केवळ वजनावर मोजली गेली असती आणि दक्षिणेच्या इतिहासातील एक पान कोरे राहिले असते. तो वाटून चार गावी विखुरला असता तरी किती नाण्यांवर ठसा आहे आणि किती नाण्यांवर नाही, हे प्रमाण कधीच कळले नसते. सारांश, साठ्याचे मोल त्याच्या एकत्र असण्यात व त्याच्या ठिकाणात असते.

सापडलेले धन आणि कायदा

नांगरताना, विहीर खणताना वा जुनी भिंत पाडताना नाणी सापडली, तर ती लपविण्याची बुद्धी भीतीपोटी होते. ‘सरकार सर्व घेऊन जाईल’ ही ती भीती. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ ह्यातील तरतुदी मात्र सापडणाऱ्याचा हक्क मानणाऱ्या आहेत. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण व दिनांक जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते आणि ती वस्तू जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावी लागते किंवा जामीन द्यावा लागतो. रीतसर चौकशीअंती ते धन बेवारस ठरले आणि जमीनमालक वेगळा असला, तर दोघांत वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्यास व एक चतुर्थांश मालकास, अशी विभागणी कायद्यात आहे. शासनाने ते संपादन केल्यास धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश अधिक, अशी रक्कम दिली जाते. न कळविल्यास मात्र हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड वा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी नेण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे. राणीछाप रुपया आता ह्या व्याख्येत बसतो. परदेशी असलेल्या नातलगांस तो भेट म्हणून धाडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

शाळा आणि ग्रामपंचायत

ह्या कामी सर्वांत उपयुक्त ठरू शकतात ते गावातील शिक्षक व पंचायत सदस्य. गावात नाणी सापडल्याची कुजबूज सर्वप्रथम त्यांच्याच कानी येते. शेतकऱ्यास धीर देणे, नाणी धुऊ वा वाटू न देणे, गाडगे सापडले असल्यास तेही सांभाळणे, जागेची नोंद करणे आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे, एवढे त्यांनी केले तरी मोठे काम होईल. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनास वाहिलेली संस्था आहे. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय येथे विद्यार्थ्यांना अस्सल नाणी पाहता येतात.

शिक्षकांनी वर्षातून एक दिवस मुलांना आपापल्या घरच्या नाण्यांचे वजन, साल व मजकूर वहीत टिपून आणावयास सांगावे. नाणी घरीच राहू द्यावीत. त्या एका वहीत वजनमापांचे गणित, धातूंचे विज्ञान, तीन लिप्या आणि दोन शतकांचा इतिहास एकत्र येईल. ज्या घरातील मुलाने आपल्या आजीचा रुपया स्वतः वाचला आहे, त्या घरातून तो रुपया मोडीत जाणे कठीण होईल. उद्या त्याच्या शेतात गाडगे निघाले, तर कोणाकडे जावयाचे हेही त्याला ठाऊक असेल.